दुसरा माणूस 'मी केलं' म्हणतोय, ते कोर्टाने ऐकायचं की नाही?

सात अकराच्या, म्हणजे ११ जुलै २००६ ला मुंबईच्या लोकलमध्ये झालेल्या स्फोटांच्या खटल्यात हायकोर्टाचा निकाल २१ जुलै २०२५ ला आला, बाराच्या बारा आरोपी सुटले आणि पुढे आठवडाभर सगळीकडे एकच भांडण चाललं, की हे लोक खरंच निर्दोष होते की नुसते पुराव्याअभावी सुटले. त्या भांडणात एक गोष्ट पार बाजूला राहिली. याच स्फोटांबद्दल दुसऱ्याच काही माणसांचे कबुलीजबाब होते, ते सरकारच्याच फायलीत होते, मोक्काखाली, म्हणजे महाराष्ट्राच्या संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याखाली, रीतसर नोंदवलेले होते, आणि ते या खटल्यात पुरावा म्हणून येऊ द्यायचे नाहीत असं सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्येच ठरवून टाकलं होतं. मला तो निर्णय चुकीचा वाटतो. का वाटतो ते सविस्तर लिहितोय, कारण हा प्रश्न फक्त या बारा जणांचा नाहीये, ज्याच्यावर खोटी केस पडेल अशा कोणाचाही आहे.

आधी काय झालं ते बघू. ११ जुलै २००६ ला संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये, फर्स्ट क्लासच्या डब्यांत, माटुंगा रोड, माहीम, वांद्रे, खार, जोगेश्वरी, बोरिवली, मीरा रोड-भाईंदर असे सात स्फोट अवघ्या काही मिनिटांत झाले, १८९ माणसं गेली, आठशेच्या वर जखमी झाली. ज्यांनी त्या काळात वेस्टर्नने प्रवास केलाय त्यांना पुढचे कित्येक महिने डब्यात एखादी बॅग बेवारस दिसली की कसं व्हायचं ते सांगायला नको. एटीएसने १३ जणांना पकडून खटला भरला (त्यातला एक २०१५ मध्ये खालच्या कोर्टातच सुटला), मोक्का लावला, आणि त्यातल्या बहुतेकांचे कबुलीजबाब पोलीस अधिकाऱ्यांसमोर नोंदवले गेले. मग २००८ मध्ये त्याच मुंबईच्या क्राइम ब्रँचने इंडियन मुजाहिदीन या दहशतवादी संघटनेचे लोक म्हणून वेगळीच माणसं पकडली, त्यांच्यावरही मोक्का, त्यांचेही कबुलीजबाब वरच्या दर्जाच्या पोलीस अधिकाऱ्यांनी नोंदवलेले, आणि त्यात असं आलं की लोकलमधले स्फोट आमच्या संघटनेने केले.

म्हणजे एकाच शहरातल्या पोलिसांच्या दोन शाखा, एकाच गुन्ह्याबद्दल दोन वेगळ्या गटांचे कबुलीजबाब, दोन्ही एकाच कायद्याखाली घेतलेले.

सात अकराच्या आरोपींनी साहजिकच म्हटलं की हे कोर्टासमोर आणा. ज्या अधिकाऱ्यांनी ते जबाब नोंदवले त्यांना डिफेन्सचे साक्षीदार म्हणून बोलवा आणि त्यांना विचारू द्या की तुमच्यासमोर अमुक माणसाने काय सांगितलं. स्पेशल कोर्ट म्हणालं नाही. हायकोर्टाने २०१२ मध्ये परवानगी दिली. त्यावर महाराष्ट्र शासन सुप्रीम कोर्टात गेलं, आणि मार्च २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने हायकोर्टाचा आदेश रद्द केला. केसचं नाव महाराष्ट्र शासन विरुद्ध कमाल अहमद मोहम्मद वकील अन्सारी. हे कमाल अन्सारी पुढे २०१५ मध्ये फाशीची शिक्षा झालेल्या पाच जणांपैकी एक, २०२१ मध्ये नागपूर जेलमध्ये कोविडने वारले, आणि २०२५ ला हायकोर्टाने त्यांनाही निर्दोष ठरवलं.

सुप्रीम कोर्टाचं म्हणणं थोडक्यात असं होतं. अधिकारी येऊन सांगणार की 'तो माणूस मला असं म्हणाला', हा ऐकीव पुरावा झाला. ज्याने जबाब दिला तो जिवंत आहे, जेलमध्ये आहे, कुठे हरवलेला नाही, तर त्यालाच बोलवा. शिवाय पोलिसांसमोरचा कबुलीजबाब एरवी पुरावा म्हणून चालतच नाही, मोक्काच्या कलम १८ ने अपवाद केलाय पण तो त्या आरोपीच्या स्वतःच्या खटल्यापुरता आणि त्याच्याबरोबर त्याच खटल्यात उभे असलेल्या सहआरोपींपुरता. दुसऱ्या खटल्यात तो न्यायचा नाही.

कायद्याचा शब्दशः अर्थ लावला तर यात चूक काढणं अवघड आहे हे मी मान्य करतो. पण ऐकीव पुराव्याचा नियम मुळात कशासाठी आहे हे विचारलं की गडबड दिसायला लागते.

हा नियम आहे कारण ज्याने प्रत्यक्ष बघितलं, केलं, ऐकलं तो कोर्टात शपथेवर बोलला पाहिजे आणि समोरच्या वकिलाला त्याचा उलटतपास घेता आला पाहिजे. नाहीतर कोणीही येऊन सांगेल की अमक्याने मला सांगितलं की हाच चोर आहे, आणि त्या अमक्याला प्रश्न कोणी विचारायचे? तेव्हा हा नियम सगळ्यात जास्त कोणाच्या कामाचा, तर आरोपीच्या. ज्याचं स्वातंत्र्य, कधी कधी जीव, पणाला लागलेला असतो त्याच्या. तसंच पोलिसांसमोरच्या कबुलीजबाबाचं. १८७२ च्या पुरावा कायद्यात कलम २५ आलं ते पोलीस मारून मारून कबूल करायला लावतात हे त्या काळच्या इंग्रज सरकारलाही दिसत होतं म्हणून. त्या कलमात सरळ लिहिलंय की असा जबाब आरोपीच्या विरुद्ध वापरायचा नाही. म्हणजे दोन्ही नियम आरोपीला वाचवायला जन्माला आले, आणि या केसमध्ये ते दोन्ही आरोपीच्या विरोधात उभे केले गेले, तेही ज्या सरकारने ते जबाब स्वतः नोंदवून दुसऱ्या कोर्टात स्वतः दाखल केले होते त्याच सरकारकडून. माझा खरा आक्षेप इथे आहे. एका कोर्टरूममध्ये सरकार म्हणतं की हा जबाब खरा आहे, स्वखुशीने दिलाय, याच्यावर विसंबून या माणसांना शिक्षा द्या, आणि दुसऱ्या कोर्टरूममध्ये तेच सरकार म्हणतं की तो जबाब ऐकूसुद्धा नका. वकील वेगळे असतील, शाखा वेगळ्या असतील, पण खटल्याच्या शीर्षकात पक्षकार म्हणून नाव एकच आहे, महाराष्ट्र शासन.

अमेरिकेत अगदी असंच झालं होतं जॉर्जिया राज्यात. ग्रीन आणि मूर असे दोन आरोपी, एका बाईच्या खुनाचा आरोप, खटले वेगवेगळे चालले. मूरने एका ओळखीच्या माणसाला सांगितलं होतं की ग्रीनला मी कामाला पाठवून दिलं आणि मग त्या बाईला गोळ्या घातल्या. मूरच्या खटल्यात सरकारने त्या ओळखीच्या माणसाची साक्ष घेतली आणि मूरला फाशीची शिक्षा मिळवली. ग्रीनच्या खटल्यात शिक्षा ठरवायची वेळ आली तेव्हा ग्रीनच्या वकिलाने तीच साक्ष मागितली, तर सरकारच म्हणालं की हा ऐकीव पुरावा आहे. १९७९ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ती शिक्षा रद्द केली, आणि जी कारणं दिली त्यात हेही होतं की राज्याने स्वतः ती साक्ष विश्वासार्ह मानून मूरविरुद्ध वापरली होती. त्या कोर्टाला हे सुचलं याचं कौतुक करण्यासाठी मी हे लिहीत नाहीये, अमेरिकेत फाशीच्या खटल्यांचे काय हाल आहेत ते सगळ्यांना माहीत आहे. मुद्दा एवढाच की हा विचार करणं न्यायाधीशांना अशक्य नव्हतं, आणि आपल्याकडे २०१३ मध्ये हा दाखला ३४ वर्षं जुना होता.

त्याच्याही आधीची चेंबर्सची केस जास्त प्रसिद्ध आहे. १९६९, मिसिसिपीतलं वुडव्हिल नावाचं छोटं गाव, गर्दीत एका पोलिसाला गोळ्या लागल्या, मरता मरता त्याने उलट बार काढला तो लिऑन चेंबर्सला लागला, त्यामुळे संशयही चेंबर्सवरच गेला. गावातला मॅकडोनल्ड नावाचा दुसरा माणूस तीन वेगवेगळ्या मित्रांना वेगवेगळ्या वेळी म्हणाला की गोळी मी झाडली, वर चेंबर्सच्या वकिलांसमोर शपथेवर लेखी कबुली दिली, आणि नंतर फिरला. खटल्यात सरकारने त्याला बोलावलंच नाही म्हणून चेंबर्सनेच त्याला साक्षीला बोलावलं, त्याने कबुली नाकारली, तर कोर्ट म्हणालं हा तुमचाच साक्षीदार आहे, तुम्ही त्याचा उलटतपास घेऊ शकत नाही. मग ते तीन मित्र? ते ऐकीव, तेही नको. जन्मठेप झाली. १९७३ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती उलटवली आणि सांगितलं की ऐकीव पुराव्याचा नियम यंत्रासारखा लावून न्यायाचाच बळी देता येणार नाही. लक्षात घ्या, इथेही कबुली देणारा माणूस हजर होता, कोर्टात येऊन बसला होता. हजर असूनही काही उपयोग झाला नाही.

'त्यालाच बोलवा ना' हे जे आपलं सुप्रीम कोर्ट म्हणालं त्याला माझं उत्तर हेच आहे. ज्या माणसावर स्वतःचा खटला चालू आहे तो दुसऱ्याच्या खटल्यात पिंजऱ्यात येऊन का सांगेल की हो बाबा, १८९ माणसं आम्ही मारली? घटनेचं कलम २०(३) त्याला स्वतःविरुद्ध बोलायची सक्ती करू देत नाही, आणि ते योग्यच आहे. तो गप्प बसणार किंवा जबाब मारहाण करून घेतला असं म्हणणार. म्हणजे कागदावर साक्षीदार 'उपलब्ध' आहे, प्रत्यक्षात त्याच्याकडून काही मिळणार नाही हे सगळ्यांना आधीच माहीत आहे.

गंमत नाही, पण नवल वाटावं अशी गोष्ट ही की आपला कायदा या बाबतीत इंग्लंडच्या कितीतरी पुढे होता. इंग्लंडमध्ये १८४४ ला ससेक्स पिअरेज नावाचं प्रकरण झालं, राजघराण्यातल्या एका छुप्या लग्नाबद्दल. लग्न लावणारा पाद्री वारला होता, त्याने जिवंतपणी सांगितलं होतं की लग्न मी लावलं, आणि असं लग्न लावणं म्हणजे त्याच्यासाठी गुन्हा होता. तिथलं तेव्हाचं सर्वोच्च कोर्ट असलेल्या हाऊस ऑफ लॉर्ड्सने ठरवलं की माणूस स्वतःच्या पैशाच्या किंवा मालमत्तेच्या नुकसानीचं बोलला असेल तर ते त्याच्या मागे पुरावा म्हणून चालेल, पण शिक्षा होईल असं बोलला असेल तर चालणार नाही. म्हणजे मी अमक्याचे ५० रुपये देणं लागतो हे विश्वासार्ह, आणि मी खून केला हे अविश्वासार्ह. १९१३ मध्ये अमेरिकेत न्या. होम्स यांनी अल्पमतात राहून याविरुद्ध लिहिलं, तिथे तर कबुली देणारा माणूस मेलेलाच होता, तरी बहुमताने ऐकलं नाही. आणि इंग्लंडमध्ये हे खूळ किती टिकावं? १९८५ च्या ब्लास्टलँड खटल्यात एका लहान मुलाचा खून झाला होता, प्रेत सापडायच्या आधीच एक दुसरा माणूस लोकांना सांगत फिरत होता की मुलाचा खून झालाय, ते कोर्टात सांगायची परवानगी आरोपीला मिळाली नाही. शेवटी २००३ च्या कायद्याने तिथे न्यायाच्या हितासाठी असा पुरावा घ्यायची मोकळीक न्यायाधीशांना मिळाली.

आपल्याकडे मात्र १८७२ लाच, फिट्झजेम्स स्टीफनने लिहिलेल्या पुरावा कायद्यात, कलम ३२(३) मध्ये स्पष्ट होतं की जे विधान खरं असेल तर बोलणाऱ्यावर फौजदारी खटला होऊ शकेल असं विधान चालेल. अट एकच, बोलणारा मेलेला असावा, सापडत नसावा, साक्ष द्यायला असमर्थ असावा किंवा त्याला आणायला अवाजवी उशीर-खर्च होत असावा. एवढी चांगली सुरुवात असूनही दीडशे वर्षांत आपण त्या यादीत एक ओळ वाढवली नाही, की माणूस समोर आहे पण कायद्याने दिलेल्या हक्काखाली बोलायला नकार देतोय. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आला, केवढा गाजावाजा झाला की गुलामीचे कायदे गेले, आणि ते कलम नव्या कायद्यात कलम २६ म्हणून जवळजवळ जसंच्या तसं जाऊन बसलं.

आता याच्या शेजारी जुन्या कायद्याचं कलम ३० ठेवून बघा, नव्यात ते २४ आहे. एकाच खटल्यात दोघे आरोपी असतील आणि एकाने स्वतःलाही गुंतवून कबुली दिली, तर ती दुसऱ्याच्या विरुद्ध विचारात घेता येते. सुप्रीम कोर्टाने १९५२ च्या काश्मिरा सिंग प्रकरणापासून पुन्हा पुन्हा सांगितलंय की हा फार कमकुवत पुरावा आहे, फक्त आधाराला घ्या, पण घेता येतो हे खरं. म्हणजे दुसऱ्याच्या तोंडची कबुली मला अडकवायला थोडीफार चालते, मला सोडवायला अजिबात चालत नाही. याला मला तरी कुठलंच समर्थन सापडत नाही, कारण अडकवायला संशयापलीकडचा पुरावा लागतो आणि सोडवायला रास्त संशय पुरतो, मग ज्या कामाला जास्त पक्कं लागतं तिथे हा कच्चा माल चालवायचा आणि जिथे कमी लागतं तिथे दारातच अडवायचा हे उलटं झालं.

याच्यावर जो सगळ्यात मजबूत आक्षेप आहे तो मला स्वतःलाही बराच काळ सतावत होता. तुम्ही म्हणाल, अहो पण मोक्काखालचे जबाब मारहाण करून घेतात असं तुम्हीच म्हणता, हायकोर्टानेही २०२५ मध्ये सात अकराच्या आरोपींचे जबाब याच कारणाने बाजूला टाकले, त्यांत एकमेकांशी जुळणारे, उतरवून काढल्यासारखे भाग होते हे दाखवलं, मग इंडियन मुजाहिदीनवाल्यांचे जबाब तेवढे खरे कसे? ते पण त्याच पद्धतीने घेतलेले नसतील कशावरून?

असतीलही. मी ते खरे आहेत असं म्हणतच नाहीये, आणि स्फोट कोणी केले हे ठरवायचा मला अधिकारही नाही. पण विचार करा, ट्रायल कोर्टासमोर दोन्ही जबाब आले असते तर काय दिसलं असतं? एकाच कायद्याखाली, तेवढ्याच मोठ्या दर्जाच्या अधिकाऱ्यांनी, तेच इशारे देऊन, तेच 'स्वखुशीने देतोय' लिहून घेऊन एकाच गुन्ह्याच्या दोन वेगळ्या कथा नोंदवल्यात. दोन्ही पूर्ण खऱ्या असणं जवळजवळ अशक्य. म्हणजे निदान एका ठिकाणी ही सगळी प्रक्रिया पाळूनसुद्धा खोटा जबाब तयार झाला. आणि जो न्यायाधीश बऱ्याच अंशी कबुलीजबाबांवर विसंबून माणसांना फाशी द्यायची की नाही हे ठरवतोय, त्याला ही गोष्ट कळायला नको? डिफेन्सला दुसरा जबाब खरा ठरवायची गरजच नव्हती. तो जबाब अस्तित्वात आहे एवढंच पुरेसं होतं. आणि नुसतं 'असं बोललं गेलं' एवढंच दाखवायचं असेल तर तो ऐकीव पुरावा होतच नाही, हे तर १९५६ पासून कायद्याच्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षी शिकवतात, प्रिव्ही कौन्सिलची, म्हणजे ब्रिटिश वसाहतींसाठीच्या लंडनमधल्या शेवटच्या अपील कोर्टाची, मलायामधली सुब्रमण्यम केस. अतिरेक्यांनी मला धमकी दिली असं आरोपी सांगत होता, खालच्या कोर्टाने ते ऐकीव म्हणून थांबवलं, प्रिव्ही कौन्सिल म्हणालं धमकी खरी होती की नाही हा प्रश्न नाही, धमकी दिली गेली हे सांगणं ऐकीव नव्हे.

दुसरा आक्षेप व्यवहारातला आहे आणि तो मी हलक्यात घेत नाही. जेलमध्ये आधीच जन्मठेप भोगणारा एखादा माणूस पैशासाठी, मैत्रीसाठी, भाईच्या हुकमाने दुसऱ्याचा गुन्हा अंगावर घेईल, त्याचं काय वाकडं होणार आहे? मुंबईत गँगवॉरचा काळ बघितलेल्यांना हे काल्पनिक वाटणार नाही, गाडी चालवणारा मालक आणि गुन्हा अंगावर घेणारा ड्रायव्हर हे तर आपण आजही वाचतो. म्हणून मी असं म्हणत नाही की कोणीही कागदावर लिहून दिलं की आरोपी सुटला. आधार मागा ना. अमेरिकेच्या १९७५ च्या पुराव्याबद्दलच्या संघीय नियमांत अशीच अट आहे, की आरोपीला सोडवणारी कबुली असेल तर तिच्या खरेपणाला दुजोरा देणारी परिस्थिती दाखवा. कबुली देणारा त्या वेळी त्या जागी असू शकत होता का, बाहेर न आलेला तपशील त्याला माहीत होता का, त्याला यातून काही फायदा होता का. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्क प्रकरणात पाच मुलांना १९८९ च्या हल्ल्यासाठी शिक्षा झाली होती, पोरांनी पोलिसांपुढे कबुल्याही दिल्या होत्या, आणि २००२ मध्ये जेलमधल्याच एका वेगळ्या कैद्याने सांगितलं की तो मी होतो. त्याच्या शब्दावर कोणी विश्वास ठेवला नाही, डीएनए तपासला, तो त्याचाच निघाला, शिक्षा रद्द झाल्या. तिथेही सुरुवात झाली ती कोणीतरी त्याचं ऐकून घेतलं म्हणूनच, दारातच हाकलला असता तर डीएनए जुळवायचं कोणाला सुचलं असतं?

आणि न्यायाधीश फसतील ही भीती आपल्याकडे कितपत खरी आहे? इंग्लंड-अमेरिकेत ऐकीव पुराव्याला एवढं घाबरतात कारण निकाल ज्युरी देते, बारा सामान्य माणसं, एकदा कानावर पडलेलं डोक्यातून काढता येत नाही. आपल्याकडे नानावटी खटल्यात ज्युरीचं काय झालं ते घराघरात माहीत आहे, त्यानंतर ज्युरी हळूहळू गेलीच. आपला निकाल शिकलेला, अनुभवी सेशन्स जज देतो, कारणं लिहून देतो, वर हायकोर्ट तपासतं. त्याला दुजोऱ्याशिवायचा जबाब फेकून देता येत नाही असं मानणं हा त्याचाच अपमान आहे. मोक्काचा जज रोज पोलिसांसमोरचे जबाब वाचून कुठला ठेवायचा कुठला टाकायचा हेच तर करत असतो.

महाराष्ट्रातलंच एक उदाहरण याच्या बरोबर उलट आहे. मालेगाव, ८ सप्टेंबर २००६, शब-ए-बारातचा शुक्रवार, बडा कब्रस्तानजवळ स्फोट, तीसहून जास्त माणसं गेली. एटीएसने मालेगावचीच मुसलमान मुलं पकडली, नऊ आरोपी, मोक्का, कबुलीजबाब, सगळं तेच. मग डिसेंबर २०१० मध्ये दुसऱ्या स्फोटांच्या आरोपाखाली अटकेत असलेले हिंदुत्ववादी स्वामी असीमानंद यांनी दिल्लीत मॅजिस्ट्रेटसमोर जबाब दिला आणि त्यात आलं की मालेगावचा स्फोट आपल्या लोकांनी केला असं एका सहकाऱ्याने त्यांना सांगितलं होतं. तो सहकारी तोपर्यंत मारला गेलेला होता. म्हणजे काटेकोर बघितलं तर हे ऐकिवातलं ऐकीव. हैदराबादच्या जेलमध्ये एका मुसलमान तरुणाने आपली सेवा केली, तो स्वतः दुसऱ्या स्फोटाच्या आरोपात विनाकारण अडकला होता, ते बघून मन बदललं, असंही त्या जबाबात आहे. नंतर त्यांनी हा जबाब मागे घेतला, आणि मक्का मशीद आणि समझौता एक्सप्रेस या दोन्ही स्फोटांच्या खटल्यांत ते निर्दोष सुटले, तेव्हा कायद्याच्या दृष्टीने त्यांच्याविरुद्ध काहीच सिद्ध झालेलं नाही हे स्वच्छ लिहायला हवं. पण त्या जबाबानंतर तपास एनआयएकडे गेला, फाईल नव्याने उघडली, नऊ जणांना २०११ मध्ये जामीन मिळाला आणि २०१६ मध्ये कोर्टाने त्यांना आरोपमुक्त केलं. जो जबाब स्वतः देणाऱ्याला शिक्षा करायला अपुरा पडला, तोच निर्दोष माणसांच्या केसकडे पुन्हा बघायला पुरेसा ठरला, आणि असंच असायला हवं.

फरक एवढाच की मालेगावच्या मुलांच्या बाबतीत ती कबुली तपास यंत्रणेने स्वतः उचलली. सात अकराच्या आरोपींच्या बाबतीत कुठल्याच यंत्रणेला ती उचलायची नव्हती, म्हणून आरोपींना स्वतः उचलून कोर्टात न्यावी लागली, आणि तिथे नियम आडवा आला. सरकारला पटलं तर दुसऱ्याची कबुली माणसाला बाहेर काढू शकते, सरकारला नाही पटलं तर तिचं नावही घ्यायचं नाही, हे आजचं खरं चित्र आहे. मग आरोपीचा बचाव हा त्याचा हक्क कसला, ती सरकारची मर्जी झाली. हायकोर्टाने त्यांना सोडलं ते सरकारी पुरावा तपासून, ओळख परेड, साक्षीदार, जप्त केलेलं सामान, छळ, या सगळ्यावर. पण तोपर्यंत १९ वर्षं गेली होती. २०१३ मध्ये ते दुसरे जबाब ट्रायल कोर्टासमोर आले असते तर २०१५ चा निकाल तसाच लागला असता का हे कोणालाच सांगता येणार नाही, आणि तेच मला सहन होत नाही, कारण ते कळायचा रस्ता आपणच बंद केला.

लोकलमध्ये ज्यांची माणसं गेली त्यांच्या बाजूनेही हे बघा. कित्येकांना वाटतं की आरोपींना असे दरवाजे उघडून दिले की मेलेल्यांवर अन्याय होतो. मला उलट वाटतं. त्या घरांना एका खटल्याचा निकाल नऊ वर्षांनी मिळाला, तो आणखी दहा वर्षांनी रद्द झाला, सरकार सुप्रीम कोर्टात गेलं, तिथे २४ जुलै २०२५ ला फक्त निकालाचा दाखला म्हणून वापर थांबवला गेला, सुटलेल्यांना परत आत टाकलं नाही. इतक्या वर्षांत दोन विरुद्ध कबुल्या समोरासमोर ठेवून त्यातलं खोटं कुठलं हे एकाही कोर्टाने उघडपणे तपासलं नाही. वडील, मुलगा, बायको गमावलेल्या माणसाला याच्यापेक्षा जास्त काय मागायचं असतं? खरं कोण ते सांगा एवढंच ना.

बदल करायचा तर तो फार मोठा नाहीये. साक्ष्य अधिनियमाच्या कलम २६ मध्ये संसदेने एक परिस्थिती वाढवावी, स्वतःला गुन्ह्यात गुंतवणारं विधान करणारा माणूस कलम २०(३) च्या संरक्षणाखाली बोलायला नकार देत असेल तर त्यालाही अनुपलब्ध समजावं, आणि दुजोऱ्याची अट घालावी. तेवढं दिल्लीला जमेल तेव्हा जमेल. पण मोक्का हा महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा आहे, १९९९ चा, आपल्या विधानसभेने केलेला. त्याच्या कलम १८ ला एक पोटकलम जोडायला दिल्लीची वाट बघायची गरज नाही, राष्ट्रपतींची संमती लागेल तेवढीच. सरकारने एका मोक्का खटल्यात कलम १८ चा जबाब दाखल केला असेल आणि त्यात दुसऱ्या खटल्यातल्या गुन्ह्याचा उल्लेख असेल, तर तो जबाब त्या दुसऱ्या खटल्यातल्या आरोपीच्या वकिलाला सरकारने आपणहून द्यायचा, आणि आरोपीला फक्त स्वतःच्या बचावासाठी तो पुरावा म्हणून मांडता यायला हवा, नोंदवणाऱ्या अधिकाऱ्याला बोलावून. त्याचं वजन किती धरायचं ते जज ठरवेल. पुढच्या अधिवेशनात कोणत्याही पक्षाच्या एका आमदाराने हे अशासकीय विधेयक म्हणून आणलं तरी निदान सरकारला सभागृहात उभं राहून उत्तर द्यावं लागेल, की एका कोर्टात जो जबाब तुम्ही खरा म्हणून दाखल करता तो दुसऱ्या कोर्टात तुम्हाला का नको असतो.